माहितीची चतुःसीमा

वादाच्या बांधावर अण्णा कधीच आधी जायचे नाहीत. ते माझे वडील, भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार. माण तालुक्यात, दहिवडीच्या आसपास त्यांची बरीच नोकरी झाली. मोजणीच्या दिवशी दोघे भाऊ, त्यांची पोरं, पोलीस पाटील, पंच म्हणून आलेले चार लोक, सगळे भांडणाच्या बांधावर उभे राहून हाका मारत असायचे, आणि अण्णा साखळी धरणाऱ्या गड्याला घेऊन उलट्या दिशेला, शिवेकडे चालू लागायचे. गावशिवेवरचा जुना दगड आधी शोधायचा. तिथे उभं राहून सगळं शिवार डोळ्यांखालून घालायचं. ओढा कुठून येतो, गाडीवाट कुठे वळते, कुठल्या गटाला कुठला गट लागून आहे. मग एकेक खूण पकडत आत यायचं. बांधापासून मोजत बाहेर गेलं तर बोटभर चूक शिवेपर्यंत वावभर होते, शिवेकडून आत आलं तर चूक आतल्या आत जिरते, असं ते सांगायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेले होते. त्यातलं एक खरेदीखत अजून आठवतं. अण्णा झाडाखाली बसून ते मोठ्याने वाचत होते. क्षेत्र एका ओळीत संपलं, आकार, म्हणजे सारा, एका ओळीत संपला, आणि मग चतुःसीमा आली. पूर्वेस अमक्याची जमीन, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा पोटहिस्सा. ती वाचताना त्यांचा आवाज संथ व्हायचा आणि ऐकणारे चौघे त्या त्या दिशेला मान वळवायचे. जमिनीला नंबर असतो, पण गावात जमीन ओळखली जाते ती शेजाऱ्यांवरून. चतुःसीमा जुळली नाही तर नुसत्या नंबरावर अण्णा साखळी टाकत नसत.

मी पुढे सॉफ्टवेअरमध्ये आले. पुण्यात गेली वीसेक वर्षं मी पडदे तयार करते, म्हणजे ढीगभर माहितीतून माणसाला हवं ते ज्यावर सापडावं ते पडदे. त्यातली निम्मी वर्षं मी शोधपेट्या बनवण्यात घालवली. वर एक चौकट, तिच्यात शब्द टाइप करा, खाली दहा उत्तरं. ते काम मी मनापासून केलं आणि त्याची उपयुक्तता मला मान्य आहे. पण अण्णा गेल्यानंतर त्यांच्या डायऱ्या माझ्याकडे आल्या, आणि तेव्हा कळलं की इतकी वर्षं आपण लोकांना जमिनीचा नंबर देत होतो, चतुःसीमा देत नव्हतो.

डायऱ्या २७. पहिली १९६८ ची, शेवटची १९९४ ची. एका दिवसाला एक पान, त्यामुळे हिशेब सोपा: ९,८६२ पानं. लिहिलेली, कोरी, तेलाचे डाग पडलेली, सगळी धरून. सरकारी कागद नव्हेत हे. त्यांची स्वतःची टिपणं: आज कुठल्या गावी गेलो, कोणाच्या ओसरीवर जेवलो, प्लेन टेबल, म्हणजे मोजणीचं तिपाईवरचं टेबल, कुठे लावला, कोण का भांडत होतं, आणि मध्येच शेताची छोटी आकृती. मी सगळी पानं स्कॅन केली आणि सवयीने फोल्डरमध्ये घातली. वर्षाचा फोल्डर, त्यात महिन्याचा, त्यात दिवसाच्या फाइली. झालं तेव्हा समाधान वाटलं, आणि महिनाभराने लक्षात आलं की तो फोल्डर मी एकदाही उघडलेला नाही. उघडून करणार काय? शोधता येत नव्हतं. अण्णांचं अक्षर, त्यात मोजणीखात्याच्या खुणा, 'पो.हि.' म्हणजे पोटहिस्सा, 'मौ.' म्हणजे मौजे, 'स.नं.' म्हणजे सर्व्हे नंबर, आणि तो खोडून 'गट' केलेलं. यंत्राला ते वाचता येईना. आणि यंत्राला आलं असतं तरी मी कुठला शब्द शोधणार होते? काय आहे तेच मला माहीत नव्हतं. जे माहीत नाही त्याचं नाव टाइप करता येत नाही.

मग मी शिवेवरून सुरुवात करायची ठरवली. सगळी पानं एकाच पटावर मांडायची. एका वर्षाची एक आडवी ओळ, १ जानेवारी डावीकडे, ३१ डिसेंबर उजवीकडे. वर्षाखाली वर्ष. २७ ओळी, ३६६ स्तंभ. हा पट दुरून बघायचा, आणि वाटेल तिथे जवळ जायचं, इतकं जवळ की शाईचा फराटा दिसावा.

झूम करत फिरायच्या या कल्पनेचं वय माझ्यापेक्षा जास्त आहे. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँडने 'स्केचपॅड' हा चित्रकामाचा प्रोग्रॅम केला. पडद्यावरचा चित्राचा चौकोन जेमतेम सात इंची, पण चित्र दोन हजार पटीपर्यंत लहानमोठं करता यायचं. म्हणजे त्या सात इंचांच्या खिडकीतून जणू पाव मैल रुंदीचा कागद हाताखाली होता. पुढे सत्तरच्या दशकाच्या शेवटी, त्याच संस्थेत, निकोलस नेग्रोपॉन्टे आणि रिचर्ड बोल्ट यांच्या गटाने एक अख्खी खोलीच या कामासाठी रचली. समोर भिंतभर पडदा, मध्ये आरामखुर्ची, खुर्चीच्या हातात जॉयस्टिक. माहिती एका सपाट प्रदेशासारखी पसरलेली, त्याला त्यांनी 'डेटालँड' म्हटलं. भिंतीवर जवळचं दृश्य, आणि बाजूच्या छोट्या पडद्यावर कायम पूर्ण प्रदेश, त्यात तुम्ही आत्ता कुठे आहात त्याची खूण. हा छोटा पडदा मला त्या सगळ्या थाटापेक्षा मोलाचा वाटतो. ती त्यांची चतुःसीमा होती.

या कल्पनेला रीतसर शास्त्र मिळालं १९९३ मध्ये. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या केन पर्लिन आणि डेव्हिड फॉक्स यांनी 'पॅड' मांडला: खिडक्या आणि फोल्डर नकोत, एकच अमर्याद पृष्ठ असू द्या, प्रत्येक गोष्टीला त्यावर जागा असू द्या, आणि जवळ-लांब जाणं हीच हालचाल असू द्या. पुढच्याच वर्षी बेन बेडरसन आणि जिम हॉलन यांनी 'पॅड प्लस प्लस' केला. पर्लिन-फॉक्स यांच्या लिखाणातली एक गोष्ट वाचताना मला अण्णांच्या कपाटातले नकाशे आठवले, ती सविस्तर सांगायला हवी.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एकाच्या पोटात एक अशा क्रमांकांनी बांधलेले आहेत. ४७ क्रमांकाचा तक्ता घेतला की तो चार अंश रुंद, चार अंश उंच. उत्तर अक्षांश १६ ते २०, पूर्व रेखांश ७२ ते ७६, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र बहुतेक सगळा. त्याचे सोळा भाग, ए ते पी. त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा, १ ते १६. पुण्याचा उत्तरेकडचा भाग ४७ एफ/१४ मध्ये, आणि स्वारगेट-पर्वतीच्या आसपास रेषा ओलांडली की ४७ एफ/१५. सिंहगड १५ च्या पश्चिम कडेला, तोरणा ११ मध्ये, आणि राजगड ११ आणि १२ यांच्या शिवेवर. सिंहगड-राजगड-तोरणा करणारे जुने भटके जास्तीचे तक्ते का बाळगायचे ते यावरून कळेल. दहिवडी ४७ के/१० मध्ये येते. लहानपणी तो तक्ता आम्ही जमिनीवर पसरायचो आणि मी पालथी पडून बघायचे.

आता हे बघा. दहा लाखांस एक या प्रमाणाच्या तक्त्यावर दहिवडी असली तर एक ठिपका. अडीच लाखांस एकवर ठिपक्याला रस्ते फुटतात. पन्नास हजारांस एकवर, जिथे जमिनीवरचा किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर होतो, तिथे माणगंगेची वळणं, विहिरी, देवळं, टेकड्यांच्या समोच्च रेषा दिसतात. आणि अण्णांच्या गावनकाशावर एकेका गटाचा आकार. म्हणजे जवळ जाताना तोच ठिपका फुगत नाही. नकाशा बोलायचा विषयच बदलतो. लांबून तो तालुक्याबद्दल बोलतो, जवळून विहिरीबद्दल. पर्लिन आणि फॉक्स यांनी नेमकी हीच गोष्ट संगणकावर मागितली होती: अर्थाप्रमाणे झूम. वर्षाचं कॅलेंडर लांबून बारा चौकटी दाखवील, जवळ गेलं की दिवस, आणखी जवळ गेलं की त्या दिवसाची कामं. भिंग आणि नकाशा यांतला फरक तो हाच.

मला हे वाचून माहीत होतं, तरी पहिल्या खेपेला मी भिंगच केलं.

तांत्रिक बाजू अवघड नव्हती. एकेक पान दोन हजार गुणिले तीन हजार पिक्सेल. सगळा पट सात लाख बत्तीस हजार पिक्सेल रुंद आणि एक्याऐंशी हजार उंच, एकोणसाठ अब्जांच्या घरात. कुठल्याच संगणकाच्या स्मृतीत तो अख्खा मावणार नाही, पण मावायची गरजही नाही. माझ्या पडद्यावर एका वेळी वीस लाखांच्या आसपासच पिक्सेल दिसतात. कितीही मोठं चित्र असो, त्या क्षणी तेवढेच आणायचे. त्यासाठी चित्राच्या निम्म्या-निम्म्या आकाराच्या प्रती आधीच करून ठेवतात आणि प्रत्येक प्रतीचे छोटे चौकोन कापतात. हा पिरॅमिड. वरच्या सगळ्या प्रती मिळून मूळ चित्राच्या फक्त एक तृतीयांश जास्तीची जागा घेतात, कारण पाव, त्याचा पाव, त्याचाही पाव ही बेरीज तेवढीच होते. फोनवरचे नकाशे याच पद्धतीने चालतात. शून्य पातळीवर सगळं जग २५६ पिक्सेलच्या एका चौकोनात, पुढच्या पातळीवर चार चौकोन, मग सोळा. विसाव्या पातळीवर सुमारे १ लाख १० हजार कोटी चौकोन. तरी आपल्या हातात येतात ते त्यातले मोजके, बोटाखालचे. खेड्यातल्या साध्या फोनवर पृथ्वी चालते ती या काटकसरीमुळे. माझ्या कामात जी काही सुंदर गणितं मी पाहिली त्यांत हे फार वर आहे.

पट तयार झाला त्या रात्री मी तो पहिल्यांदा पूर्ण लांबून पाहिला. एक पान पाच पिक्सेल रुंद, म्हणजे अक्षर नाहीच, नुसता करडेपणा. जास्त लिहिलं असेल तर गडद, कोरं असेल तर फिकट. आणि त्या करड्या पट्टीवर डावीकडे झुकत खाली उतरणाऱ्या तिरप्या फिक्या रेघा होत्या, वरपासून खालपर्यंत. मला वाटलं कापण्यात चूक झाली. तासभर कोड तपासलं. मग एका फिक्या ठिपक्यावर जवळ गेले, कोरं पान, रविवार. त्याच्या खालचा, दुसरा, रविवार. तारीख तीच धरली तर वार दरवर्षी एकाने पुढे सरकतो, म्हणून रविवार एकेक घर डावीकडे घसरतो, लीप वर्षी दोन घरं. अण्णांच्या सुट्ट्या रेघोट्या होऊन पडद्यावर उतरल्या होत्या. आणि फेब्रुवारीच्या अखेरीला एक उभी पांढरी फट, तिच्यात सातच पानं. सात लीप वर्षं.

मग नजर जून ते सप्टेंबरवर गेली. तिथे ओळीमागून ओळी फिकट पट्टा होता. पावसाळ्यात शेतात पिकं आणि चिखल, मोजणी बंद, अण्णा कार्यालयात. त्या पानांवर 'कार्यालय' एवढा एकच शब्द, कधी तोही नाही. पण वरून पाचव्या ओळीत हा फिकट पट्टा नव्हता. १९७२. त्या वर्षीचा पावसाळा काठोकाठ शाईने भरला होता.

पाऊसच आला नव्हता. जुलैतही रानं उघडी होती म्हणून मोजण्या चालूच राहिल्या, आणि सप्टेंबरपासून त्यांना दुष्काळी कामांच्या आखणीवर घेतलं. पाझर तलाव, नालाबांध, खडीचे रस्ते. पानंच्या पानं हजेरीवरच्या माणसांनी भरलेली. बाहत्तरच्या दुष्काळाबद्दल मी घरात ऐकलं होतं, पुस्तकांतून वाचलं होतं. पण २७ वर्षांच्या पटावर एका ओळीत पावसाळ्याची जागा काळी पडलेली बघणं वेगळं. अण्णांनी 'दुष्काळ' हा शब्द त्या महिन्यांत फार थोड्या वेळा लिहिला आहे. शोधपेटीत तो शब्द टाकून मला हे कधी दिसलं नसतं. ते कुठल्याच एका पानावर नव्हतं. ते पानांच्या शेजारपणात होतं.

मेरीलँड विद्यापीठाचे बेन श्नाइडरमन यांनी १९९६ मध्ये आमच्या क्षेत्राला एक मंत्र दिला: आधी समग्र दृश्य, मग झूम आणि गाळणी, मग मागेल तसा तपशील. नवी मुलं कामाला लागली की मी तो त्यांना सांगते, आणि सोबत विल्यम लॅम्टनचंही नाव घेते. लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. देशभर आधी मोठे त्रिकोण, त्यांच्या पोटात लहान. संपूर्णाकडून भागाकडे, हे सर्वेक्षणाचं पहिलं सूत्र अजूनही शिकवलं जातं. आयुष्य त्या त्रिकोणांत घालवून जानेवारी १८२३ मध्ये, नागपूरच्या वाटेवर, तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. अण्णांच्या कामाची मुळं तिकडे जातात, आणि माझ्या कामाचीही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पट मी आईला दाखवायला नेला. टॅबलेटवर. आईचं वय पंच्याहत्तरच्या पुढे, टाइप करायचा तिला कंटाळा, पण दोन बोटांनी फोटो मोठा करणं नातवंडांमुळे चांगलं येतं. तिने दोन बोटं ठेवली आणि सरळ आत गेली. पाच मिनिटांत तिची हाक आली. "अगं, सगळं पांढरं झालं. कुठं गेले ह्यांचे कागद?"

ती एका कोऱ्या पानाच्या आत होती. पडदाभर नुसता पिवळट कागद, आणि तिथून कुठल्या दिशेला काही आहे याचा पत्ता नाही. या अवस्थेला आमच्या शास्त्रात नाव आहे. सुझान जूल आणि जॉर्ज फर्नस यांनी १९९८ मध्ये त्याला वाळवंटातलं धुकं म्हटलं. झूम करत करत माणूस अशा ठिकाणी पोचतो जिथे दृश्यात पुढची वाट सांगणारं काहीच उरत नाही, आणि मग तो कितीही हुशार असला तरी अंदाजानेच हलतो. त्यांचं म्हणणं असं की दोष माणसाचा नाही, तिथे खूण न ठेवणाऱ्याचा आहे. आईचा चेहरा बघून मला ते वाक्यन्‌वाक्य पटलं. माळरानात काही पिकत नसलं तरी अण्णा हद्दीचा दगड रोवायचेच ना. कोऱ्या पानालाही हद्द असते.

मग मी दगड रोवले. प्रत्येक पानाच्या चारी कडांवर बारीक अक्षरांत शेजार: डावीकडे कालची तारीख, उजवीकडे उद्याची, वर मागच्या वर्षीचा हाच दिवस, खाली पुढच्या वर्षीचा. कितीही आत गेलं तरी त्या चार कडा दिसत राहतात. मी कोडमध्ये त्या भागाचं नाव 'चतुःसीमा' ठेवलं आहे. आणि कोपऱ्यात छोटा पूर्ण पट, एमआयटीच्या खोलीतल्या त्या बाजूच्या पडद्यासारखा, लाल चौकोनासकट.

भिंगाचा नकाशा करणं मात्र हातानेच करावं लागलं. मधल्या अंतरावर, जिथे अक्षर वाचता येत नाही पण पान वेगळं दिसतं, तिथे पानाऐवजी त्या दिवशीच्या गावाचं नाव दिसायला हवं होतं. त्यासाठी प्रत्येक पानाला गाव लावायचं. दोन हिवाळे आम्ही दोघी हे करत होतो. आई अण्णांचं अक्षर माझ्यापेक्षा झरझर वाचते. मला 'म्हसवड' लागायचं तिथे ती पुढचं वाक्य सांगून मोकळी. जिथे आकृती आहे त्या पानाला वेगळी खूण केली. आता मध्यम अंतरावरून पट बघितला की गावांची नावं सरकताना दिसतात, एका गावी तीन दिवस, मग ओढ्यापलीकडचं गाव, मग चार महिन्यांनी पुन्हा पहिलं. अण्णांची पायपीट आहे ती.

एका पानावरून लांबच्या दुसऱ्या पानावर जाताना पडदा कसा सरकावा, यावर मी बरेच दिवस अडले होते. सरळ सरकवलं तर मधली हजारो पानं सूंऽऽ करून डोळ्यांसमोरून जातात, चक्कर येते आणि कुठून कुठे आलो ते कळत नाही. एकदम उडी मारली तर पूर्वीची जागा पुसली जाते. याचं उत्तर नेदरलँड्समधल्या यार्के व्हान वाइक आणि विम नाउ यांनी २००३ मध्ये गणिताने काढून ठेवलेलं आहे: आधी वर उठा, पुरेसं लांब जा, उंचीवरून सरका, मग उतरा. किती वर उठायचं ते अंतरावर ठरतं. जवळच्या पानासाठी थोडंच, २० वर्षांपलीकडच्या पानासाठी जवळजवळ पूर्ण पट दिसेपर्यंत. माण खोऱ्यात एका गावातून दुसऱ्या गावात जाताना खिंड चढून थांबायची पद्धत आहे. तिथून मागचं गाव आणि पुढचं गाव एकदम दिसतं. त्या दोघांचं समीकरण मला त्या खिंडीसारखं वाटतं.

आणि जिथे झूम नुसता देखावा होतो तिथे तो मला सहन होत नाही. सादरीकरणात चौकटीमागून चौकट गरगरत येते, उलटी होते, पुन्हा सरळ. जागेला काही अर्थच नसेल तर तिथे नेऊन काय साधलं? ज्यांना हालचालीने मळमळतं अशा माणसांना तर त्रासच. माझ्या पटावर हालचाल पूर्ण बंद करायची सोय आहे आणि ती सहज सापडेल अशा जागी आहे.

जेफ रस्किन यांना वाटत होतं की संगणकाचं सगळंच असं व्हावं. ॲपलमध्ये १९७९ साली मॅकिंटॉशचा प्रकल्प सुरू करणारे ते हेच. २००० सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी फाइलींची नावं हाच माणसावर लादलेला बोजा असल्याचं ठामपणे लिहिलं. माणूस जागा लक्षात ठेवतो, खुणा लक्षात ठेवतो, मग त्याला एकच मोठा पट द्या. रस्किन फेब्रुवारी २००५ मध्ये वारले. त्याच महिन्यात गूगल मॅप्स सुरू झाला होता, आणि पुढच्या काही वर्षांत जगभरच्या माणसांच्या बोटांना झूमची सवय लागली. पण नकाशा आणि फोटो यांच्यापुरतीच. आमच्या फाइली अजून फोल्डरांत, आणि बाकी सगळं शोधपेटीत.

असं का झालं यावर मी खूप विचार केला आहे. मला दिसतं ते असं की नकाशाला जागा आयती मिळते. दहिवडी म्हसवडच्या पश्चिमेला आहे हे कोणाला ठरवावं लागलं नाही. पण बँकेच्या पावतीच्या उत्तरेला काय ठेवायचं? आजीच्या पत्राशेजारी कुठलं पत्र? पृथ्वीने जे काम आपल्यासाठी करून ठेवलं ते माहितीच्या बाबतीत कोणीतरी बसून करावं लागतं, आणि ते कष्टाचं काम आहे, त्यात एक भूमिका घ्यावी लागते. मी तारखांची जाळी निवडली म्हणून मला रविवारच्या रेघा आणि बाहत्तरची काळी पट्टी दिसली. गावांप्रमाणे मांडणी केली असती तर हे दोन्ही नाहीसं झालं असतं आणि दुसरं काही दिसलं असतं. शोधपेटी अशी भूमिका घ्यायला लावत नाही, म्हणून ती स्वस्त पडते. तिची किंमत वापरणारा भरतो, कारण त्याला उत्तर मिळतं आणि त्या उत्तराचे शेजारी मिळत नाहीत.

आपल्याकडे ही किंमत जास्त आहे. मोडीतले कागद, हस्ताक्षरातल्या वह्या, जमाखर्च, पत्रव्यवहार, यातलं किती यंत्राला वाचता येतं? दप्तरखान्यात हे कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात. रुमाल सोडला की हवा तो कागद तर मिळतोच, पण त्याच्या खालचा आणि वरचाही हाताला लागतो, आणि कित्येक अभ्यासकांचे विषय त्या खालच्या कागदाने बदललेले आहेत. स्कॅन करताना आपण रुमाल सोडतो आणि पुन्हा बांधत नाही. एकेक कागद सुटा करून, त्याला नंबर देऊन, शोधपेटीच्या मागे ठेवतो. माझी कळकळीची विनंती आहे, जो कोणी असं काम करत असेल त्याने रुमालाचा क्रम तरी पडद्यावर दिसू द्यावा. कागद वाचता आला नाही तरी बघता यावा, आणि शेजाऱ्यांसकट बघता यावा.

गेल्या दिवाळीत आई पट बघत होती. १९७२ च्या ओळीतून सावकाश उजवीकडे सरकत होती. मग तिने दोन्ही बोटं जवळ घेतली, पार लांब आली, आणि ओळींच्या मधल्या पांढऱ्या फटीवर बोट ठेवून म्हणाली, "इथं जागा होईल का गं?"

तिच्या हिशेबाच्या वह्या होत्या. लग्नाच्या वर्षापासूनच्या, १९७० पासूनच्या, माळ्यावर ट्रंकेत. मला त्या आहेत हेही माहीत नव्हतं. मी म्हटलं, चौऱ्याण्णवच्या ओळीखाली नवीन पट्टा करते. ती म्हणाली, "खाली नको. त्याच दिवसाशेजारी लाव."

तिच्या वहीत दिवसाला पान नाही. एका पानावर कधी पाच दिवस, कधी बारा. म्हणून तिचं पान जितक्या दिवसांचं तितकं रुंद ताणून, अण्णांच्या ओळीखाली बसवावं लागलं. सगळ्या ओळींची उंची बदलली, पिरॅमिड पुन्हा बांधला, चतुःसीमेचं कोड पुन्हा लिहिलं, कारण आता खालचा शेजारी पुढच्या वर्षीचा दिवस नव्हता, आई होती.

बाहत्तरच्या ऑक्टोबरात एक पान आहे. वर अण्णांची पाझर तलावाच्या सांडव्याची आकृती, बाजूला मापं, खाली हजेरी. त्याच्याखाली, सात दिवस रुंद, आईचं बारीक अक्षर: रॉकेल, काडेपेटी, मीठ, आणि रेशनचा मिलो, चार किलो.